डोंगरावरून आल्यानंतरचा ताप

पावसाळा सरत आला की गडचांदूरची तरुण मंडळी माणिकगडाकडे निघतात. जिवतीच्या रस्त्याला लागले की डोंगर, सागाचे जंगल आणि वर जुन्या किल्ल्याची पडकी तटबंदी. माना नागवंशी राजांनी हा किल्ला बांधला असे सांगतात. डोंगर चढणे हा हृदयाला व फुप्फुसांना उत्तम व्यायाम आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी आपली सहल रद्द करू नये.

सहलीला निघालेल्या मुलांची घरचे लोक काळजी करतात ती वाघाची, अस्वलाची आणि सापाची. ती काळजी योग्यच आहे. पण मला भीती वाटते ती आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या तापाची. कारण तोपर्यंत सहल सर्वजण विसरलेले असतात. डॉक्टरही विचारत नाहीत.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी भाद्रपदात अकरावीतला एक मुलगा ताप व डोकेदुखी घेऊन आला. मी दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला नाही. रक्त तपासले, मलेरिया निघाला नाही. विडाल तपासणी थोडी वाढलेली होती, म्हणून टायफॉइडचे इंजेक्शन सुरू केले. पाचव्या दिवशी मुलाला धाप लागू लागली. त्याचे अंग पुसताना आईला कमरेपाशी, पट्ट्याच्या जागी एक काळी खपली दिसली. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे पाहा जी. बिडीनं पोळल्यासारखं दिसते." तेव्हा कुठे मी विचारले, "बाबू, जंगलात गेला होतास का?" दहा दिवसांपूर्वी तो मित्रांसोबत माणिकगडावर गेला होता. दुपारी सगळे गवतात पडून राहिले होते. त्याला तातडीने चंद्रपूरला पाठवले. योग्य औषध मिळताच दोन दिवसांत ताप उतरला. मुलगा वाचला, पण निदान आईने केले, मी नव्हे.

स्क्रब टायफस

ती खपली स्क्रब टायफसची. हा आजार झुडपांत व गवतात राहणाऱ्या माईट नावाच्या किड्याच्या अळीपासून होतो. ही अळी खसखशीच्या दाण्याहूनही लहान असते, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. चावल्याचे कळतही नाही. दुसऱ्या महायुद्धात आसाम व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या तापाने अनेक सैनिकांना आडवे केले होते. आपल्याकडे २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व परिसरात याचे रुग्ण आढळले आणि काही दगावलेही.

अळी चावल्यानंतर ६ ते २१ दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. चावल्या जागी न दुखणारी काळी खपली धरते. कंबर, काख, जांघ, स्तनांखाली, कानामागे अशा झाकलेल्या जागी ती असते, म्हणून मुद्दाम शोधावी लागते. मात्र खपली प्रत्येकाला येतेच असे नाही. उपचार न झाल्यास दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत व मेंदू यांवर परिणाम होऊ शकतो. पेनिसिलीन आणि टायफॉइडची नेहमीची इंजेक्शने यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लीन हे स्वस्त व जुने औषध वेळेवर दिले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गरोदर स्त्रीसाठी वेगळे औषध असते.

मलेरिया

दुसरा ताप आपल्या ओळखीचा. बल्लारशाहवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील सिकंदराबाद येथे १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले. सव्वाशे वर्षे उलटली तरी आपल्या जंगलपट्टीत तो आहेच. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणून दिवसा जाऊन येणाऱ्यांपेक्षा डोंगरावर मुक्काम करणाऱ्यांना धोका जास्त. फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया साधारण एक ते दोन आठवड्यांनी सुरू होतो व मेंदूत गेल्यास जीवावर बेततो. मेडिकलमधून दोन गोळ्या आणून ताप दाबू नये. जंतू अंगात राहतात आणि निदान लांबते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी व औषध मोफत मिळते. एकदा रक्तात काही निघाले नाही आणि ताप चालूच राहिला, तर पुन्हा तपासावे.

काय काळजी घ्यावी?

१) पूर्ण बाह्यांचा सदरा व फुलपँट घालावी. पँटचे पाय मोज्यांत खोचावेत. उघड्या अंगाला डासांचे मलम लावावे.

२) गवतावर बसू वा झोपू नये. सतरंजी नेऊन मोकळ्या खडकावर बसावे. काढलेले कपडे झुडपावर टाकू नयेत.

३) घरी येताच साबणाने अंग घासून आंघोळ करावी. अंगावरचे कपडे गरम पाण्यात धुवावेत.

४) मुक्काम असल्यास मच्छरदाणी न्यावी.

५) ताप असताना धाप, गुंगी, असंबद्ध बडबड, झटके, कावीळ, सतत उलट्या किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डोंगरावरून आल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगावे, "मी जंगलात गेलो होतो." त्यानंतर ताप आला तरी सांगण्यात तोटा नाही, कारण मलेरिया कधीकधी उशिराही डोके वर काढतो.

हे केवळ सहलीला जाणाऱ्यांसाठी नाही. गुराखी, सरपण आणणाऱ्या बाया, बांधावरचे गवत कापणारा शेतकरी यांना 'जंगलात गेला होता का?' असे विचारले तर ते नाही म्हणतात, कारण त्यांचे ते रोजचेच जाणे असते. अशा माणसाला ताप आला तर घरच्यांनी त्याचे काम काय आहे ते डॉक्टरांना सांगावे आणि त्याची कंबर, काखा व जांघा नीट पाहाव्यात. दिवा लावून पाहायला पाच मिनिटे पुरतात.