प्रश्न विचारणारे लेकरू



बारा वर्षांचा येशू हरवला, तेव्हा तो तीन दिवसांनी यरुशलेमच्या मंदिरात सापडला (लूक २:४६). गुरुजनांमध्ये बसून तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारीत होता. आपल्या सातवीतल्या मुलाचे हे वय! आपल्या घरी मात्र मुलाने दोनदा ‘का?’ विचारले, की ‘उलट बोलू नको’ म्हणून आपण त्याला गप्प करतो.

आपल्या जिल्ह्याला ‘लातूर पॅटर्न’चा अभिमान आहे, आणि तो असावाच. प्रश्नपत्रिकांच्या सरावाने शेतकऱ्यांची कितीतरी मुले डॉक्टर, इंजिनिअर झाली. पण सरावात प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो आणि उत्तरही ठरलेले असते. स्वतःला पडलेल्या प्रश्नामागे जाण्याची सवय त्यातून लागत नाही.

प्रश्नांनी श्रद्धा डळमळेल, अशी भीती काहींना वाटते. संत थॉमस अक्वायनस (निधन १२७४) यांना ती वाटली नाही. देव आहे का, हा प्रश्न घेताना ते आधी ‘नाही’ म्हणणाऱ्यांची बाजू मांडतात, मग आपले उत्तर देतात आणि शेवटी एकेक आक्षेप सोडवतात. शिक्षकाला ते वैद्याची उपमा देतात. शरीर आपल्या शक्तीने बरे होते, वैद्य त्याला मदत करतो. तसेच शिकणाऱ्याचे.

घरी हे कसे करावे? एक उदाहरण घ्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. भागाकार मुलालाच करू द्या. माणशी दीड लिटरसुद्धा भरत नाही! मग तो विचारील, पुढे रोज गाड्या आल्या तरी कितीसे पुरले असेल? मांजरा धरण कोरडे का पडले? पाऊस कमी झाला म्हणून, की पिके बदलली म्हणून? उत्तर सांगू नका. आजोबांना विचारायला पाठवा, विहिरी पाहू द्या. दोघांनी दोन कारणे सांगितली, तर कोणाचे का पटते ते त्याला सांगू द्या. आईवडील शिकलेले नसले तरी अडत नाही. ‘मला ठाऊक नाही, तू शोधून मला सांग,’ एवढे म्हणता आले तरी पुष्कळ झाले.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी स्वतःला पडलेला एकेक प्रश्न कागदावर लिहून आणावा. श्रद्धेविषयी असला तरी चालेल, शेतीविषयी असला तरी चालेल. पालकांनी तो लिहून देऊ नये, ही विनंती.

आपला धर्मगुरू