दीर्घकाळ उभी राहिलेली मोटरसायकल आणि तिचा कार्ब्युरेटर

कुंभकोणमच्या पूर्वेस काही किलोमीटरांवर तिरुनागेश्वरम् हे नागनाथस्वामींच्या मंदिरामुळे प्रसिद्ध झालेले गाव आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हवा मुळातच दमट. त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मान्सूनचा पाऊस. अशा ठिकाणी एखादी जुनी मोटरसायकल दहा-बारा वर्षे पडवीत उभी राहिली, तर तिचा कोणता भाग आधी निकामी होईल? पुष्कळदा तो कार्ब्युरेटर असतो.

कार्य. इंजिनात ओढली जाणारी हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो व दाब घटतो. खालच्या कोठीतील पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा दाब असतो. दाबांच्या या फरकामुळे पेट्रोल जेटच्या सूक्ष्म छिद्रातून वर येते आणि त्याचे तुषार हवेत मिसळतात. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते.

दोष. साठलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते. उरलेल्या घटकांचा प्राणवायूशी संयोग होऊन राळेसारखा चिकट थर बनतो. पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते, आणि जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी जमते. छिद्र अर्धवट बुजले तरी इंजिन सुरू होऊ शकते. परंतु पेट्रोल कमी पडल्याने ते अतिशय तापते व दट्ट्याला इजा पोहोचते. म्हणून गाडी सुरू झाली म्हणजे दुरुस्ती झाली, असे समजू नये.

दुरुस्ती. प्रथम टाकीतील जुने पेट्रोल काढावे. हे काम उघड्या हवेत, दिवा व शेगडी यांपासून दूर करावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत दूरवर पसरते. नंतर भाग क्रमाने सुटे करून मांडावेत. रबरी भाग वेगळे ठेवून धातूचे भाग द्रावकात भिजवावेत आणि छिद्रांतून दाबाची हवा सोडावी. पितळी फ्लोट कोमट पाण्यात बुडवावा. बुडबुडे आले तर त्याला भोक आहे.

जवळच्या नाचियारकोविलच्या पितळी समया चिंचेने लख्ख होतात. जेटही पितळेचाच, मग चिंच का नको? कारण आम्ल धातू खाते. समईचे त्याने फारसे बिघडत नाही. जेटचे छिद्र मात्र किंचित मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण बिघडते. पोलादी तारही याच कारणाने वर्ज्य.

१९५५ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या कंपनीच्या बुलेटला एकच कार्ब्युरेटर असे. १९८३ मध्ये आलेल्या राजदूत ३५० ला दोन होते. दोन असल्यास दोघांचे झडपपट समान उघडतात की नाही, हेही पाहावे.

प्रयोग. पेल्यातील पाण्यात एक नळी उभी धरा. दुसऱ्या नळीने तिच्या वरच्या टोकाशी आडवी, जोराची फुंकर घाला. पाणी वर चढून तुषार उडतील. कार्ब्युरेटरचे तत्त्व हेच होय.