खेळाआधी वही



डहाणू तालुक्यातील आपल्या वसतिगृहाला दान मिळालेल्या दोन जुन्या संगणकांवर मुले काय करतात, असे आपल्यापैकी काहींनी विचारले होते. ती खेळ बनवतात. त्यासाठी स्क्रॅच हा प्रोग्राम वापरतो. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबने तो 2007 मध्ये मुलांसाठी खुला केला. तो मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो. आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे असतात.

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने मोहाची फुले वेचण्याचा खेळ सुरू केला. "ताई, वहीत काय लिहू?" असे तिने विचारले, तेव्हा मी म्हणाले, "आधी खेळ होऊ दे, वही मागाहून." दिवाळीनंतर तिचे आईवडील वीटभट्टीवर निघाले. धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही नेले. उचल घेतलेली होती, आमची विनवणी चालली नाही. तिची फाइल उघडली तर कोणता ठोकळा कशासाठी, हे कोणालाच उमगेना. शेवटी मुलांनी ती पुसून दुसरा खेळ धरला. जूनमध्ये परत आल्यावर तिने विचारले, "माझा खेळ कुठे आहे?"

डिप्लोमाच्या वर्गात लूक 14 मधला बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत मी शिकले, पुढे शिकवलाही. संगणकासमोर मात्र तो आठवला नाही.

यंदा वही आधी. मंडळीतल्या मुलांबरोबर कोणाला करून पाहायचे असेल तर आमची पद्धत सांगते. पहिल्या पानावर एकच वाक्य लिहायचे: खेळणाऱ्याने काय करायचे आणि खेळ कधी संपतो. या एका वाक्याला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. एक मुलगा म्हणाला, वरून फुले पडतील, टोपलीत झेलायची. ती म्हणाली, मोह कोणी झेलतो का? तो रात्री गळतो, पहाटे जाऊन जमिनीवरून वेचतात. मग वाक्य ठरले: "ऊन वर येण्याआधी वीस फुले वेचायची." संगणक सुरू करण्याआधीच खेळ बदलला, आणि खोडण्यासाठी फक्त पेन्सिल लागली.

दुसऱ्या पानावर पडद्याचे चित्र. स्क्रॅचचा पडदा 480 रुंद आणि 360 उंच असतो, शून्य मधोमध. डावीकडे आणि खाली उणे आकडे. झाड कुठे, मुलगी कुठून निघणार, हे चौकटीच्या कागदावर मांडताना उणे संख्या ज्यांना वर्गात जमत नव्हत्या त्यांनाही जमू लागल्या. (गणिताच्या गुरुजींना मी हे अजून सांगितलेले नाही.) त्याखाली पात्रांची नावे. "स्प्राइट1" चालणार नाही. "टोपली" म्हणजे टोपली.

पुढची पाने रोजची: तारीख, काय केले, काय बिघडले, का बिघडले. यातले "का" मुले टाळतात, तिथे आग्रह धरावा लागतो. एका नोंदीत आहे: "एक फूल घेतले तर खूप गुण मिळतात." कारण शोधायला बराच वेळ गेला. मुलगी फुलाला टेकलेली असेपर्यंत संगणक पुन्हा पुन्हा तपासत होता आणि दर वेळी गुण देत होता. उपाय: गुण मिळताच फूल दुसऱ्या जागी पाठवायचे. दुसरी नोंद: नवा डाव सुरू केला तरी जुनेच गुण दिसतात; हिरव्या झेंड्याखाली पहिल्यांदा गुण शून्य करायला हवेत. रोज फाइल नव्या क्रमांकाने ठेवायची, मोह-1, मोह-2, म्हणजे बिघडले तर कालचे हाताशी असते.

ज्याने खेळ पाहिलेला नाही अशा माणसाला तो द्यावा आणि आपण गप्प बसावे. आम्ही स्वयंपाकाच्या मावशींना बसवले. त्या हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत राहिल्या. कोणते बटण दाबायचे ते पडद्यावर कुठेच लिहिलेले नव्हते. तेही वहीत आले.

यंदाही दिवाळीनंतर ती गेली. ते मला थांबवता आले नाही. तिच्या गटातल्या दोन मुलांनी वही उघडून मोह-9 पासून काम पुढे नेले. आता मोह-14 चालू आहे. "राहिलेली कामे" या पानावर तिच्या अक्षरात तीन ओळी होत्या. दोनांपुढे मुलांनी "झाले" लिहिले आहे. तिसरी ओळ अशी: "गुरे फुले खातात, गाय घालायची." गाय त्यांना सहज काढता येईल. पण ती तिनेच काढायची, असे ते म्हणतात, आणि ती जागा मोकळी ठेवली आहे.