स्वभावदर्शक इंग्रजी विशेषणे : एक पाठ आणि काही सूचना



गेल्या हिवाळ्यात कन्नड तालुक्यातील घाटाकडच्या एका शाळेत सातवीच्या वर्गावर बसण्याचा योग आला. विषय इंग्रजी होता. फळ्यावर सुवाच्य अक्षरांत चाळीस विशेषणे लिहिलेली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. मुले एका सुरात म्हणत होती, ‘ऑनेस्ट म्हणजे प्रामाणिक, स्टबर्न म्हणजे हट्टी, जेनरस म्हणजे उदार.’ पाठांतर निर्दोष होते आणि ते करवून घेणाऱ्या शिक्षकांच्या श्रमांविषयी मला आदरच वाटला. त्यांची अनुमती घेऊन मी एका मुलास विचारले, ‘तुझ्या ओळखीचे जेनरस कोण आहे?’ त्याने फळ्याकडे पाहिले आणि उत्तर दिले, ‘उदार.’

मग मी मराठीत विचारले, ‘बरे, तुझी आजी स्वभावाने कशी आहे?’ त्यासरशी वर्गाचे रूपच पालटले. तापट, मायाळू, बोलकी, भोळी, चिवट, आतल्या गाठीची, खमकी असे शब्द चहूकडून येऊ लागले. एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘सर, माझी आजी तापट आहे, पण मायाळूपण आहे. इंग्रजीत दोन्ही एकदम म्हणता येतं का?’ त्या दिवशीचा खरा पाठ या प्रश्नापासून सुरू झाला. ‘माय ग्रँडमदर इज हॉट-टेम्पर्ड बट अफेक्शनेट’ हे वाक्य फळ्यावर लिहिले, तेव्हा ते पाठ करा असे कोणास सांगावे लागले नाही.

महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जात आहे. अर्थात सातवीच्या मुलाच्या कानांवर गुड, बॅड, काइंड, ब्रेव्ह हे शब्द अनेक वर्षे पडलेले असतात. त्यांच्या पुढची पायरी चढताना मात्र आपण बहुधा कोशाचा आधार घेतो आणि मुलाच्या अनुभवाचा सोडतो. वस्तुतः माणसाचा स्वभाव ओळखण्यात खेड्यातले मूल कोणाहून मागे नसते. कोणत्या दुकानदाराकडे उधारीवर पेन मिळेल आणि कोणाच्या शेतातल्या बोरीला दगड मारू नये, हे त्याला पक्के ठाऊक असते. ज्ञान आहे, नाव मराठीत आहे. फक्त इंग्रजी नाव द्यावयाचे आहे. म्हणून प्रथम मराठी शब्द मुलांकडून घ्यावेत आणि मग त्यांना इंग्रजी जोडीदार शोधावा. जोडीदार नेहमी मिळतोच असे नाही. ‘खमकी’ या शब्दापाशी मी अडलो. फर्म म्हणावे तर तीत धमक येत नाही. बोल्ड म्हणावे तर पोक्तपणा जातो. अशा वेळी शिक्षकाने ‘एका शब्दात सांगता येत नाही’ असे मोकळेपणाने सांगावे आणि दोन शब्द वापरावेत. त्यात कमीपणा नाही.

आता वाक्यरचनेकडे वळू. आपण मराठीत म्हणतो, ‘त्याचा स्वभाव तापट आहे.’ विशेषण स्वभावास लागते, माणूस थोडा बाजूला राहतो. याच धर्तीवर मुले ‘हिज नेचर इज अँग्री’ असे लिहितात. इंग्रजीत विशेषण थेट माणसास लावण्याची रीत आहे : ‘ही इज हॉट-टेम्पर्ड.’ शिवाय अँग्री हा शब्द त्या घटकेच्या रागाचा आहे, कायमच्या तापटपणाचा नव्हे. दुसरी सामान्य चूक नामाची आणि विशेषणाची गल्लत होण्याची. ‘ही इज ऑनेस्टी’ असे वाक्य दर दहा वह्यांत एकदा तरी सापडते. लिंगवचनाची बाब मात्र सोपी आहे. मराठीत भोळा, भोळी, भोळे अशी रूपे होतात. शूर किंवा हट्टी ही विशेषणे बदलत नाहीत. इंग्रजीतली स्वभावदर्शक विशेषणे सगळीच ‘शूर’सारखी वागतात, एवढे सांगितले की पुरे.

एक रचना मात्र आवर्जून शिकवावी. ‘ही इज स्टबर्न’ म्हणजे तो हट्टी आहे. ‘ही इज बीइंग स्टबर्न’ म्हणजे तो आत्ता हट्टीपणा करीत आहे. पहिले वाक्य माणसाविषयी आहे, दुसरे त्याच्या या वेळच्या वागण्याविषयी. ‘बीइंग’ या लहानशा शब्दाने केवढा फरक पडतो, तो मुलांना रुसलेल्या धाकट्या भावाच्या उदाहरणाने लगेच कळतो.

यापुढची पायरी अधिक नाजूक आहे. एकाच गुणाला दोन नावे असतात, एक मित्राने दिलेले आणि एक शत्रूने. काटकसरी माणसास थ्रिफ्टी म्हणावे की कंजूष ठरवून स्टिंजी म्हणावे? चौकस मुलगी इन्क्विझिटिव्ह, आणि तीच नकोशी झाली की भोचक, म्हणजे नोझी. धाडसी तो करेजस, पण पूर न पाहता नाल्यात बैलगाडी घालणारा रेकलेस. भोळेपणाच्याही पायऱ्या आहेत : मनात कपट नसलेला इनोसंट, जगाचा अनुभव नसलेला नाईव्ह आणि कोणीही सहज फसवावा असा गलिबल. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी सन १९४८ मध्ये बी.बी.सी.च्या एका कार्यक्रमात क्रियापद चालवावे तशी ही विशेषणे चालवून दाखविली होती. गुण एकच, पण स्वतःविषयी बोलताना तो ठामपणा होतो, समोरच्याविषयी बोलताना हट्ट होतो आणि जो तेथे हजर नाही त्याच्याविषयी बोलताना निव्वळ मूर्खपणा होतो. हा खेळ वर्गात घ्यावा. मुले फार हसतात आणि शब्द विसरत नाहीत.

अवघड शब्द लक्षात राहण्यासाठी त्यांचे मूळ सांगितल्यास उपयोग होतो. ग्रिगेरियस म्हणजे माणसांत रमणारा. त्याच्या मुळाशी लॅटिन भाषेतला ‘कळप’ या अर्थाचा शब्द आहे. शेळ्या राखणाऱ्या मुलास हे एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही. आपल्याकडे शनी-मंगळाचा स्वभावाशी संबंध जोडतात, तसा तो युरोपातही जोडीत असत : आनंदी माणसास जोव्हियल म्हणतात ते गुरू ग्रहावरून, चंचल माणसास मर्क्युरियल ते बुधावरून आणि खिन्न, गंभीर माणसास सॅटर्नाइन ते शनीवरून. कँडिड म्हणजे मनमोकळा. मुळात त्या शब्दाचा अर्थ पांढरा; रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक पांढरीशुभ्र वस्त्रे घालीत, म्हणून उमेदवारास कँडिडेट म्हणू लागले. ती प्रथा आपल्या निवडणुकांतही चांगलीच टिकून आहे, मनमोकळेपणाचे सांगवत नाही. डोसाइल हा शब्द ‘शिकविणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. मूळ अर्थ शिकण्यास योग्य, आजचा अर्थ मुकाट्याने ऐकणारा. या अर्थांतराला आम्हा शिक्षकांचा किती हातभार लागला असावा, याचा विचार ज्याने त्याने करावा.

‘पेशंट’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. मुलांच्या लेखी पेशंट म्हणजे दवाखान्यातला रोगी. इंग्रजीत तोच शब्द विशेषण म्हणून आला की अर्थ होतो सहनशील. सोसणे या एकाच मुळापासून दोन्ही अर्थ निघाले आहेत. येथे आपल्याच जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथ महाराजांची आख्यायिका सांगावी. गोदावरीचे स्नान करून येताना एक मनुष्य त्यांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकला आणि नाथ प्रत्येक वेळी न रागावता पुन्हा स्नानास गेले. गोष्ट मुलांना बहुधा ठाऊक असते. ‘संत एकनाथ वॉज पेशंट’ हे वाक्य ती स्वतःच तयार करतात. मात्र घरातील माणसांची वर्णने लिहून घेताना माझ्या असे ध्यानात आले की, पेशंट हा शब्द जवळजवळ सर्व मुलांनी आईस दिला होता आणि ब्रेव्ह हा वडिलांस. शिक्षकाने एखाद्या वेळी हे शब्द उलटून पाहावयास सांगावे.

विशेषणास पुरावा हवा, हा या पाठाचा मुख्य नियम समजावा. नुसते ‘शी इज जेनरस’ स्वीकारू नये. पुढे ‘बिकॉज’ लिहून एक कृती सांगावयास लावावी. ‘शी नेव्हर सेंड्स अ गेस्ट अवे विदाउट टी.’ थोर व्यक्तींच्या बाबतीतही हेच करावे. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, म्हणून त्या बेनेव्होलंट. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने १६१० मध्ये खडकी वसविली आणि नहरीने शहरास पाणी आणले, म्हणून तो रिसोर्सफुल. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा केली आणि त्यातच त्यांना मृत्यू आला, म्हणून त्या कम्पॅशनेट आणि सेल्फलेस.

आपल्या घाटाचे नावही या पाठास उपयोगी पडते. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटास औट्रम घाट म्हणतात, तो जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावरून. १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभारण्याचे काम त्याच्याकडे आले. पुढे १८४२ मध्ये सर चार्ल्स नेपियर याने त्याला ‘भारताचा बेयार्ड’ म्हणून गौरविले. बेयार्ड हा निर्भय आणि निष्कलंक म्हणून प्रसिद्ध असलेला फ्रेंच सरदार होता. म्हणजे फिअरलेस आणि ब्लेमलेस ही दोन विशेषणेच त्याने औट्रमला बहाल केली. एका वर्षाच्या आत सिंध प्रांत खालसा करण्यावरून दोघांत कडाक्याचे वैर जडले. माणूस तोच होता, बोलणाराही तोच होता.

ज्यांच्या डोंगरांत हा औट्रम आला, त्यांना त्या काळच्या सरकारने कोणती विशेषणे दिली, हेही मोठ्या मुलांना सांगण्यास हरकत नाही. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने एक कायदा केला आणि पुढे त्याखाली देशातील अनेक जमातींच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदविण्यात आल्या. क्रिमिनल हे विशेषण कोणा माणसाच्या कृतीवरून नव्हे, तर त्याच्या जन्मावरून लागू लागले. मूल पाळण्यात असतानाच त्याचा स्वभाव सरकारी कागदावर लिहून ठेवलेला असे. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्या जमातींस विमुक्त हे नाव मिळाले. आपल्या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरून येणाऱ्या काही मुलांच्या घरी या इतिहासाची आठवण अद्याप असू शकते. तेव्हा हा भाग सांगताना कोणत्याही मुलाकडे बोट किंवा नजरही वळू नये.

त्याच कारणास्तव गावातील व्यक्तींविषयी निंदाव्यंजक विशेषणांची वाक्ये गृहपाठास देऊ नयेत. एका गावी एका विद्यार्थ्याने पोलीस पाटलांस ‘स्टिंजी’ म्हटले, पुरावाही चोख दिला, आणि वही घेऊन पाटील स्वतःच शाळेत आले. इंग्रजीचा एवढा प्रसार मलाही अपेक्षित नव्हता. निंदेचे शब्द गोष्टीतल्या कोल्ह्या-लांडग्यांकरिता राखून ठेवावेत.

हे सर्व मुलांच्या वहीविषयी झाले. आता आपल्या वहीविषयी दोन शब्द. २०१० मधील शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले, तेव्हापासून आपण प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहीत आलो आहोत. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, या रकान्यांत आपण जे लिहितो ती स्वभावदर्शक विशेषणेच असतात. पूर्वी प्रगतिपुस्तकात ‘शेरा’ म्हणून एकच ओळ असे.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी शिक्षक असताना माझ्या वर्गात एक मुलगा दररोज सकाळच्या तासांना डुलक्या घेई. मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर एकच शब्द लिहिला, ‘आळशी’. काही दिवसांनी त्याची आई शाळेत आली. तिला अक्षरओळख नव्हती. पुस्तक माझ्यापुढे धरून ती म्हणाली, ‘गुरुजी, काय लिव्हलंय यात? पोराला विचारलं तर सांगत न्हाई.’ बोलता बोलता तिने सांगितले की, घरधनी अंथरुणाला खिळलेले असल्यामुळे रात्रीच्या पाळीत वीज आली की मोटार सुरू करून पिकाला पाणी देण्यास हाच मुलगा जातो आणि तीन-साडेतीन वाजता परततो. मी पुस्तकाकडे पाहिले आणि वाचून दाखविले, ‘कष्टाळू’. ती समाधानाने घरी गेली. मुलगा दाराशी उभा होता. त्याला वाचता येत होते.

त्या रकान्यात ‘सकाळच्या तासांना झोप येते; कारण विचारणे’ एवढे लिहिले असते तर ते खरेही झाले असते आणि उपयोगीही.

कार्यवाहीसाठी पुढीलप्रमाणे करावे. सहावी ते आठवीच्या वर्गांनी एका आठवड्यात दहापेक्षा अधिक नवी विशेषणे घेऊ नयेत. प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा विरुद्ध किंवा वाईट बाजूचा जोडशब्द फळ्यावर इंग्रजी लिपीत लिहावा व उच्चार दोनदा करून दाखवावा. ऑनेस्टमधील पहिले अक्षर मूक आहे हे विसरू नये. प्रत्येक मुलाने घरातील एका व्यक्तीविषयी चार वाक्ये लिहावीत, त्यांपैकी किमान दोन पुराव्याची असावीत. ज्या मराठी शब्दांस इंग्रजी जोडीदार मिळाला नाही, अशा शब्दांची स्वतंत्र यादी करावी आणि ती केंद्रप्रमुखांमार्फत शिक्षण परिषदेत आणावी. ‘खमकी’ हा शब्द माझ्याकडून त्या यादीत प्रथम लिहून घ्यावा.