मोबदल्याचे संपादन आणि मुक्त ज्ञानकोश

ज्ञानकोशाला पैसा लागतो, यात नवे काही नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी कंपनी स्थापून भाग विकले होते. परंतु भांडवल कसे उभे राहिले, हे वाचकांपासून लपलेले नव्हते. विकिपीडियावर स्वयंसेवक लिहितात, तेही बहुधा टोपणनावाने. त्यामुळे मोबदला घेऊन लिहिलेले वाक्य आणि निरपेक्षपणे लिहिलेले वाक्य वाचकाला सारखेच तटस्थ भासते. खरी अडचण येथे आहे.

२०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर उघडकीस आलेले ‘ऑरेंजमूडी’ प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. लहान व्यावसायिक व कलावंत यांच्याविषयीचे, नाकारले गेलेले मसुदे हेरायचे, अनुभवी संपादक असल्याची बतावणी करून त्यांना गाठायचे आणि पैसे घेऊन लेख प्रसिद्ध करायचा, अशी ही रीत होती. पुढे लेखाच्या ‘संरक्षणा’साठीही पैसे मागितले जात, याला खंडणीच म्हणावे लागेल. स्वयंसेवकांच्या तपासानंतर ३८१ खाती प्रतिबंधित झाली आणि २१० लेख वगळण्यात आले.

तत्पूर्वी, जून २०१४ मध्येच, विकिमीडिया फाउंडेशनने मोबदला घेणाऱ्या संपादकांना आपला नियोक्ता, ग्राहक व संबंध जाहीर करणे बंधनकारक केले होते. मोबदला घेण्यास या नियमाने मनाई केली नाही. मात्र लपून लिहिणारा तो पाळणार कसा, हा प्रश्न उरतोच.

स्वाध्याय : एखाद्या कंपनीवरील विकिपीडिया-लेखाचा संपादन-इतिहास व चर्चापान पाहा. टीकेचा मजकूर केव्हा आणि कोणते कारण देऊन वगळला गेला, याची नोंद करा.