निम्म्या तालाची विद्या : वारंवारता विभाजकाचा एक पाठ

आम्ही इतिहास शिकवतो. तरीही या स्मरणिकेसाठी आम्ही बिनतारी संदेशवहनातील एक पाठ निवडला आहे. अकरावीची त्रिकोणमिती केवळ गुणांपुरती असते, हा समज खेड्यांतून आलेल्या अनेक हुशार मुलांना या विद्येच्या उंबरठ्यावरूनच परत फिरवतो. तो दूर व्हावा, एवढाच या पाठाचा हेतू.

आकाशवाणी नागपूरची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पाच लाख पंच्याऐंशी हजार आंदोलने. आजची काही जवळपल्ल्याची बिनतारी यंत्रे ६० गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला सहा हजार कोटी आंदोलनांवर चालतात. इतका वेगवान दोलक स्वतःच्या बळावर स्थिर राहत नाही. त्याची तुलना क्वार्ट्झ स्फटिकाच्या संथ पण भरवशाच्या तालाशी सतत करावी लागते. त्यासाठी वेगवान ताल आधी टप्प्याटप्प्याने विभागून खाली आणावा लागतो. हे काम वारंवारता विभाजक करतो.

भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळात ३२,७६८ हर्ट्झचा ताल पंधरा वेळा निम्मा होऊन सेकंदाला एक ठोका उरतो. तेथे चालू-बंद होणारे अंकीय परिपथ पुरेसे असतात. मात्र दहा-दहा गिगाहर्ट्झच्या पलीकडे असे परिपथ वीज फार खातात किंवा वेळेत पालटूच शकत नाहीत. म्हणून पहिल्या टप्प्याला अनुरूप, म्हणजेच ॲनालॉग विभाजक योजतात.

त्याचे तत्त्व झोपाळ्यावर दिसते. उभ्याने झोके घेणारी मुलगी एका पूर्ण झोक्यात दोनदा बसते आणि दोनदा उठते. बळ दुप्पट तालाने मिळते, झोका निम्म्या तालाने चालतो.

आर. एल. मिलर यांनी १९३९ साली मांडलेला विभाजक निराळ्या वाटेने तेच साधतो. त्यात मिश्रक, गाळक आणि वर्धक यांचे एक वर्तुळ असते. मिश्रक दोन लहरींचा गुणाकार करतो. दोन कोज्यांच्या गुणाकारातून बेरजेची आणि वजाबाकीची कोज्या मिळते, हे अकरावीचे सूत्र येथे उपयोगी पडते. बाहेरून ६० आणि परतीच्या वाटेने ३० गिगाहर्ट्झ आले, की मिश्रकातून ३० व ९० निघतात. गाळक ९० अडवतो. उरलेले ३० वर्धकातून पुन्हा मिश्रकाकडे जातात. आरंभीचे ३० परिपथातील सूक्ष्म गोंगाटातूनच मिळतात आणि फेरीगणिक वाढतात.

रचना करताना तीन अटी सांभाळाव्या लागतात. फेरीत लहर क्षीण होता कामा नये. ती योग्य कलेत परत आली पाहिजे. गाळकाने ३० ला वाट देऊन ९० ला रोखले पाहिजे.

ताल जुळण्याचे मोल पाहायचे असेल, तर जुन्नर तालुक्यातील खोडदला जावे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तेथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. मध्यवर्ती केंद्रातील एकच संदर्भ-ताल प्रकाशतंतूंतून सर्वांपर्यंत पोहोचतो, म्हणूनच त्या मिळून एका दुर्बिणीसारखे काम करतात.

आता वाचकांनी एक उदाहरण कागदावर सोडवावे. परतीच्या वाटेवर वारंवारता दुप्पट करणारा भाग बसवला आणि बाहेर २० गिगाहर्ट्झ निघत असतील, तर मिश्रकाकडे ४० परततात. साठातून चाळीस वजा केल्यावर काय उरते? भागाकार दोनाऐवजी तिनाने झाला. हे ज्याला कागदावर पडताळता आले, त्याच्यासाठी ही विद्या परकी नाही.