वाफेच्या इंजिनाचा हुन्नर आणि उपजीविका

आपल्या मुलाचे वा मुलीचे चित्त वाफेच्या इंजिनात गुंतले आहे हे ध्यानी येताच जे पालक धास्तावतात, त्यांची धास्ती मी अनाठायी मानीत नाही. कारण भारतीय रेल्वेच्या रुंदमापी मार्गांवरील वाफेची नियमित वाहतूक 1995 साली संपुष्टात आली आणि जुनी इंजिने राखण्याच्या कामावरील जागा मोजक्याच उरल्या. तथापि 1855 साली लीड्स येथे घडविलेली ‘फेअरी क्वीन’ 1997 साली पर्यटकांना घेऊन दिल्लीहून अलवरकडे पुनश्च धावू लागली, आणि हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये ‘अकबर’सारखी डब्ल्यूपी वर्गाची इंजिने जतन झाली, ती हुन्नरी हातांमुळेच.

या कामाचा जीव बॉयलरमध्ये आहे. कोळशाची भट्टी वरून व बाजूंनी पाण्याने वेढलेली असते. तिचे आतले व बाहेरचे पत्रे शेकडो स्टेंनी, म्हणजे आधारसळ्यांनी, एकमेकांस जखडलेले असतात, आणि त्यांपैकी एखादा तुटला तरी तो सहसा नजरेस पडत नाही, म्हणून मुरब्बी कारागीर भट्टीत शिरून एकेक स्टे हातोडीने ठोकतो व कान देऊन ऐकतो: शाबूत स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द. पुढे नळ्या बदलणे, पाण्याच्या दाबाची चाचणी, मग वाफेची. थंड इंजिनाखाली विस्तव एकाएकी भडकविल्यास पत्रे असमान प्रसरण पावून सांधे गळू लागतात; सबब सकाळच्या सफरीसाठी शेडमधील माणसे आदल्या रात्रीपासून खपत असतात.

मुख्य मार्गावर जबाबदारी अधिकच कठीण. बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखविणाऱ्या गेज ग्लासमधील पाणी उतरून भट्टीचे छत उघडे पडले, तर तापून मऊ झालेला पत्रा दाबाखाली फाटतो; हा धोका वेळीच कळावा म्हणून छतात वितळणारा लेड प्लग बसविलेला असतो, परंतु त्याच्यावर विसंबणारा फायरमन मी तरी गाडीवर घेणार नाही. शिवाय माथ्यावर 25,000 व्होल्टच्या तारा असता टेंडरवर, म्हणजे इंजिनामागील कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, चढण्याची सक्त मनाई.

वाफेसाठी वेगळी भरती नसते. वाट सर्वसामान्य कसबातूनच जाते. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटरची 2 वर्षे किंवा वेल्डरचे 1 वर्ष, त्यानंतर परळसारख्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी. अथवा यंत्र अभियांत्रिकीची पदविका. ज्याला इंजिन हाकावयाचे आहे त्याने सहायक लोको पायलटच्या भरतीस बसावे, मात्र अर्जापूर्वी डोळे तपासून घ्यावेत, कारण तेथे चष्म्यावाचून 6/6 दृष्टी व निर्दोष रंगज्ञान लागते.

पोटापाण्याची चिंता करणाऱ्या पालकांनी एवढे लक्षात घ्यावे की साखर कारखाने व रासायनिक उद्योग आजही वाफेवर चालतात आणि महाराष्ट्राच्या बाष्पके संचालनालयाचा बॉयलर अटेंडंटचा दाखला तेथे मान्य आहे. म्हणजे जुन्या इंजिनावर हात बसो वा न बसो, शिकलेली विद्या वाया जात नाही. निर्णय करण्यापूर्वी रेवाडीस जाणे जमत नसेल, तर गळीत हंगामात जवळच्या साखर कारखान्याच्या व्यवस्थापकांकडे रीतसर परवानगी मागून पाल्यास एक पूर्ण पाळी बॉयलर हाऊसमध्ये उभे राहू द्यावे, आणि उष्मा, काजळी व कर्कश आवाज सोसूनही त्याचे प्रश्न संपत नसतील, तर आयटीआयच्या प्रवेशाची मुदत चुकवू नये.